खाडीपलीकडची राजधानी

वसंत ऋतूच्या व्याख्यानमालेत पौषातल्या थंडीविषयी बोलावयाचे म्हणजे वैशाखात शेकोटीचे आमंत्रण देण्यासारखे आहे. परंतु राजधानी पाहावयाची तर ती थंडीतच, असा आपल्याकडील प्रवाशांचा संकेत आहे. मार्गशीर्ष लागला की सुट्टीचे बेत सुरू होतात आणि आपले लोक दिल्ली-आग्र्याकडे, जयपूरकडे, फार तर दौलताबाद-वेरुळाकडे निघतात. लाल किल्ल्यापुढे कानटोपी घालून काढलेली छायाचित्रे घरोघर आहेत. त्यात गैर काही नाही. दिल्ली पाहण्यासारखीच आहे. पण आमच्या भिवंडी तालुक्यातील पूर्णे गावातून निघून खाडी ओलांडली म्हणजे तीन-चार कोसांच्या आतच साडेचारशे वर्षांच्या एका राजवंशाची राजधानी लागते, आणि ती राजधानी म्हणून पाहावयास कोणी जात नाही. ठाण्याला आपण कचेरीच्या कामास जातो, दवाखान्यास जातो, खरेदीस जातो. पाहावयास मात्र जात नाही. म्हणून आम्ही काही मंडळींनी ठरविले की, एकदा पौषातल्या सकाळी निघावे आणि ठाणे हे एक परके, दूरदेशीचे नगर आहे असे समजून पाहावे.

पूर्णे गावाचे आजचे रूप आपणांस ठाऊकच आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा, मालमोटारींची रीघ, आणि त्यांच्या मागे कोठेतरी उरलेले शेत. पण पहाटे पाच-साडेपाचला खाडीवरचे धुके वर येते तेव्हा ही गोदामे घटकाभर नाहीशी होतात, आणि पाणी, खारफुटी व भरती-ओहोटी एवढेच काय ते उरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही वेळ सोयीची. चहा घेण्यास थांबलो तेव्हा टपरीवाल्याने विचारले, "एवढ्या थंडीत कुठे, काका?" आमच्यातील एकजण म्हणाले, "राजधानी पाहायला." तो म्हणाला, "मग ठाण्याहून लोकल धरा, समोरच मंत्रालय." त्याच्या दृष्टीने उत्तर बरोबर होते.

कशेळीच्या पुलावरून खाडी पाहताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, या राजधानीचा मुख्य दरवाजा पाण्याचा होता. दिल्लीला यमुना आहे, पण दिल्ली घोड्यांनी राखली. ठाणे जहाजांनी राखले. साष्टी बेटाच्या ईशान्य अंगास, उल्हास नदीचे पाणी ज्या ठिकाणी वसईकडे आणि मुंबईकडे असे दोन्हीकडे वाटले जाते, तेथे हे नगर बसले आहे. घाटावरून थळघाट-नाणेघाटाने उतरणारा माल कल्याण-भिवंडीवरून येथे पोचावयाचा, आणि समुद्रावरून आलेले गलबत वादळाला पाठ करून आत शिरावयाचे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडला की अरबांची जहाजे येऊ लागत, आणि हेमंत-शिशिरात वारा ईशान्येचा झाला म्हणजे माल भरून परत फिरत. म्हणजे आपण ज्या ऋतूत सहलीस जातो तोच या बंदराचा भर हंगाम होता. पौषातल्या धुक्यात या खाडीवर शुकशुकाट नसे.

याला पुरावा हवा असेल तर तो खारेपाटण येथे सापडलेल्या एका ताम्रपटात आहे. शिलाहार राजा अनंतदेव याने शके १०१६ (इ. स. १०९४-९५) मध्ये दिलेला हा पट. स्थानक, नागपूर, शूर्पारक व चेमुली या बंदरांत भाभण श्रेष्ठी व त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांची जी जहाजे येतील त्यांस जकात माफ, असे त्यात म्हटले आहे. स्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे सोपारे, चेमुली म्हणजे चौल. आणि नागपूर हे अर्थातच विदर्भातील नव्हे, तर कोकणकिनाऱ्यावरील एक बंदर. गंमत अशी की, हे दोघे बंधू नुसते व्यापारी नव्हते, दरबारातले मोठे अधिकारीही होते. एक महाप्रधान, दुसरा परराष्ट्र-व्यवहार पाहणारा महासांधिविग्रहिक. स्वतःच्याच जहाजांची जकात स्वतःच्याच राजाकडून माफ करून घेण्याची ही युक्ती नऊशे वर्षांपूर्वीही माहीत होती असे दिसते! पण या एका पटावरून राजधानीचा प्राण कोठे होता हे कळते. राजवाड्याची एक भिंतही उभी नसताना जकातनाक्याचा हिशेब मात्र तांब्यावर टिकला.

आता प्रत्यक्ष नगरात शिरू. नवख्या प्रवाशाची येथे निराशा व्हावयाची, हे आधीच सांगून ठेवतो. शिलाहारांचा वाडा नाही, तट नाही, वेस नाही. इ. स. ८०० च्या सुमारास राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून हे घराणे उत्तर कोकणात आले आणि १२६५ च्या सुमारास बुडाले. हे राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत, म्हणजे तेर या प्राचीन नगराचे स्वामी. मूळ गाव सुटून शतके लोटली तरी पत्त्यावर तेच नाव लिहिण्याची हौस आपल्यातील पुष्कळ कोकणस्थ-देशस्थांना आजही समजेल. त्यांच्या लेखांत कोकणाचे वर्णन 'पुरी' ज्यात प्रमुख अशा चौदाशे गावांचा प्रदेश असे येते. ही पुरी कोठली, यावर विद्वानांत बराच वाद झाला. कोणी घारापुरी म्हणाले, कोणी मुरुडजवळची राजपुरी, कोणी मोरा बंदर. आम्हांस या वादाचा निकाल देण्याचा अधिकार नाही. परंतु एक गोष्ट स्पष्ट आहे. पुरी हे नाव लेखांतून मानाने येते, आणि प्रत्यक्ष दानपत्रे द्यावयाची, नागरिकांस आज्ञा सांगावयाची वेळ आली म्हणजे स्थानक पुढे येते. मानाची राजधानी एक आणि कामाची राजधानी दुसरी, असा प्रकार इतिहासात विरळा नाही. सातारा आणि पुणे यांचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे.

मासुंदा तलावाच्या काठी कोपिनेश्वराचे देवालय आहे. सकाळच्या उन्हात तलावावरून वाफ उठत होती आणि पायऱ्यांवर माणसे उन्हाला पाठ देऊन बसली होती. आजचे देवालय पेशवाईतले. १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी ते बांधले. पण आतील भव्य शिवलिंग पाहिले म्हणजे हे स्थान पेशवाईपेक्षा पुष्कळ जुने, शिलाहारांच्या काळचे, हे मानावेसे वाटते. हे राजे शिवभक्त होते. सिद्धेश्वर तलावातून निघालेली ब्रह्मदेवाची मूर्तीही त्याच काळची साक्ष देते. ठाण्यास तलावांचे गाव म्हणतात, आणि तलाव उपसताना, पाया खणताना कोरीव दगड निघण्याची या गावाला जुनी सवय आहे. शिलाहारांचे ठाणे जमिनीवर नसून जमिनीखाली व पाण्याखाली आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तलावाच्या जवळच पोर्तुगीज अमदानीपासूनचे ख्रिस्ती देवालय आहे. एका तलावाच्या काठी तीन राजवटींच्या खुणा अशा शेजारी-शेजारी बसल्या आहेत.

तेथून आम्ही किल्ल्याकडे गेलो. किल्ला म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह. त्यामुळे प्रवाशास तो बाहेरूनच पाहावा लागतो. पण या सहलीचे खरे स्थळ हेच. किल्ला बांधावयास घेतला पोर्तुगीजांनी, १७३० नंतरच्या वर्षांत. पुरा करणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुढे इंग्रजांच्या ताब्यात असताना १७८७ साली किल्ल्यात नवीन कामासाठी खणताना ताम्रपट सापडले. ते होते शिलाहार राजा अरिकेसरी याचे, शके ९३९ च्या कार्तिकी पौर्णिमेचे, म्हणजे इ. स. १०१७ च्या हिवाळ्याच्या तोंडाचे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १७८८ मध्ये आपल्या ग्रंथमालेचा पहिला खंड छापला, त्यात रामलोचन पंडितांनी केलेले या पटांचे भाषांतर आहे. म्हणजे भारताच्या जुन्या लेखांचा अर्वाचीन अभ्यास जेव्हा नुकता कोठे डोळे उघडीत होता, तेव्हा त्याच्यासमोर जे पहिलेवहिले ताम्रपट आले त्यांत आपल्या ठाण्याचा पट होता. या गोष्टीचा अभिमान बाळगणारा ठाणेकर आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

या किल्ल्याच्या इतिहासात भिवंडीकडच्या माणसांचा हात आहे, तोही सांगितला पाहिजे. पूर्ण्याहून थोड्याच अंतरावर अंजूर आहे. तेथील गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे बंधू यांनी पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे खेटे घातले, खाडीच्या वाटा आणि किल्ल्यातील माणसांची बातमी पुरविली, आणि मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनी रात्रीच्या वेळी पाणी ओलांडून ठाणे घेतले. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेचा तो प्रारंभ. वसई पडावयास १७३९ चा मे महिना उजाडला आणि इतिहासाने यश वसईच्या नावे लिहिले, ते योग्यच. पण खाडीची भरती-ओहोटी पुण्याहून मोजता येत नाही. ती मोजणारी माणसे काठावरची लागतात, हे अंजूरकरांकडे पाहून कळते.

याच तटाखाली हिवाळ्यातली एक फार वाईट आठवण आहे. १७७४ साली पुण्यात राज्याची घडी विसकटलेली होती. नारायणराव पेशव्यांचा आदल्या वर्षी खून झालेला, राघोबादादा एकीकडे, बारभाई दुसरीकडे, आणि सवाई माधवराव पाळण्यात. साष्टी परत घेण्यासाठी पोर्तुगीजांचे आरमार येणार अशी आवई मुंबईच्या इंग्रजांना लागली, आणि दुसऱ्याने घेण्याआधी आपणच घ्यावी या विचाराने त्यांनी डिसेंबरच्या मध्यास जनरल गॉर्डनच्या हाताखाली फौज पाठविली. पाण्यावरची बाजू कमोडोर वॉटसनकडे होती. तोफा सुरू झाल्या, तटाला खिंडार पडले. २७ डिसेंबरच्या रात्री इंग्रजांनी खंदक भरून आत शिरण्याचा प्रयत्न केला, तो किल्लेकऱ्यांनी हाणून पाडला. इंग्रजांकडील शंभर गोरे शिपाई त्या एका प्रयत्नात कामी आले वा जखमी झाले. दुसऱ्या दिवशी मात्र किल्ला गेला. आणि आदल्या रात्रीच्या नुकसानीचा सूड म्हणून आत शिरलेल्या सैन्याने किल्ल्यातील बहुतेक शिबंदी कापून काढली. हे आम्ही पदरचे सांगत नाही. ग्रँट डफसारख्या इंग्रज इतिहासकारानेच ते लिहून ठेवले आहे. वॉटसनही या वेढ्यात झालेल्या जखमेने मेला. त्याचे नाव इंग्रजांच्या बखरींत आहे. किल्ल्यात मेलेले लोक कोण होते? बरेचसे याच परगण्यांतले असणार. साष्टीतले, कल्याणचे, कदाचित आपल्याही गावांतले. त्यांच्या नावाचा एक दगडही ठाण्यात आमच्या पाहण्यात आला नाही. वेढ्याच्या वेळी सुरू झालेल्या युद्धाचा शेवट १७८२ च्या सालबाईच्या तहाने झाला आणि साष्टी कायमची इंग्रजांकडे गेली.

त्यानंतर किल्ल्याचा तुरुंग झाला. राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्यातच फाशी दिली. वासुदेव बळवंत फडके यांना एडनला धाडण्यापूर्वी येथेच ठेवले होते, आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना येथेच फासावर चढविले. ज्या भिंतीपुढे आम्ही उभे होतो त्या भिंतीच्या आतली ही गोष्ट. समोरून मोटारी जात होत्या आणि कोणी मान वर करून पाहत नव्हते. रोजच्या वाटेवरच्या भिंतीकडे माणूस पाहतच नाही.

दुपारी ऊन चढले, स्वेटर काखेत आले. भोजन करून आम्ही बसलो असता मंडळींत साहजिकच प्रश्न निघाला. राजधानी, राजधानी म्हणता, पण या राजांनी केले काय? प्रश्न रास्त आहे. याचे एक उत्तर काश्मीरमध्ये आहे. बाराव्या शतकात अपरादित्य नावाचा शिलाहार राजा ठाण्यास होता. त्याच्या अगोदर गोव्याच्या कदंबांनी उत्तर कोकण बुडविले होते. ते याने सावरले. पण त्याची कीर्ती तलवारीची नव्हे. याज्ञवल्क्य स्मृतीवरील 'अपरार्क' ही मोठी टीका त्याच्या नावावर आहे, आणि दायभाग, दत्तक, ऋण इत्यादी व्यवहारांत काश्मीरच्या पंडितांनी तिला प्रमाण मानले. ठाण्याच्या राजाचा कायदा काश्मीरपर्यंत गेला कसा? मंख या काश्मिरी कवीने आपल्या 'श्रीकंठचरित' काव्याच्या अखेरीस एका विद्वत्सभेचे वर्णन केले आहे, आणि त्या सभेत कोकणच्या अपरादित्याचा वकील तेजकंठ हजर असल्याचे तो सांगतो. कनोजच्या गोविंदचंद्राचाही वकील तेथे होता. ठाण्याच्या थंडीने ज्याला शाल घ्यावी लागत असेल तो आमचा तेजकंठ श्रीनगरच्या बर्फात कसा राहिला असेल, देव जाणे! पण खाडीकाठचे हे गाव आठशे-नऊशे वर्षांपूर्वी कनोजच्या पंक्तीला बसून काश्मीरच्या पंडितांशी शास्त्रार्थ करीत होते, एवढे त्यावरून निश्चित होते. दिल्लीच्या तख्ताची कथा आपल्याला पाठ असते. ही कथा पाठ्यपुस्तकात आली असेल तर आमच्या दृष्टीस पडलेली नाही.

दुसरे उत्तर ठाण्याबाहेर आहे. या राजधानीचे उत्तम वैभव राजधानीत शोधू नये. ते तिच्या आसपास विखुरले आहे. अंबरनाथचे शिवालय आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, मुम्मुणि राजाच्या वेळचा. गाभाऱ्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या, बाहेरील भिंतीवरील मूर्तींची दाटी पाहिली म्हणजे ज्या नगरात हे कारागीर पोसले जात त्या नगराची देवळे कशी असतील याचा अंदाज करता येतो. अंबरनाथ उभे राहिले कारण ते बाजूला होते. ठाणे बंदर होते, किल्ला होते, ठाणे होते. तेथे जो येईल त्याने आधीच्याचा दगड उपटून आपल्या पायात घातला. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याचे वर्णन केले तेव्हा कातडी व सुती कापड यांचा व्यापार जोरात होता, आणि राजाचा चाच्यांशी असा करार होता की, लुटीतले घोडे राजाचे, बाकी सर्व चाच्यांचे. शिलाहार तोवर गेलेले होते. १३२१ साली येथे चार ख्रिस्ती मिशनरी मारले गेले ती हकीकत युरोपात पुष्कळ गाजली. पुढे पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आगगाडी.

शिलाहारांचा अंत मात्र त्यांना शोभेल असा, पाण्यावर झाला. देवगिरीच्या महादेव यादवाने १२६५ च्या सुमारास कोकणावर स्वारी केली. शेवटचा राजा सोमेश्वर. त्याचे रानवड व चांजे येथील लेख १२५९-६० चे आहेत. जमिनीवर यादवांच्या हत्तींपुढे टिकाव लागेना म्हणून तो जहाजांवर गेला आणि समुद्रात बुडाला. महादेवाच्या कोपापेक्षा वडवानल बरा असे त्याने मानले, या अर्थाचे हेमाद्रीचे लिहिणे आहे. जेत्याच्या प्रधानाचे लिहिणे, तेव्हा त्यात थोडी खोच असावयाचीच. बोरीवलीजवळ एकसर येथे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ जहाजे कोरलेली आहेत. काही अभ्यासक ती याच युद्धाची चित्रे मानतात, काही अकराव्या शतकातील दुसऱ्या लढाईची. आमचा कौल पहिल्या पक्षाकडे झुकतो. पण तो भावनेचा आहे, पुराव्याचा नव्हे, हे लक्षात ठेवावे.

आणि तिसरे उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. लोनाड गावी लेणी आहेत, पडके शिवालय आहे, आणि शिलाहारांचे शिलालेखही तेथलेच. अपरादित्य दुसरा याचा शके ११०६ चा, केशिदेवाचा चौधरपाड्याचा शके ११६१ चा. असल्या दानलेखांच्या खाली पुष्कळदा गाढवाचे चित्र असते आणि दान मोडणाऱ्याला अश्लाघ्य शिवी असते. म्हणून लोक त्यास गद्धेगाळ म्हणतात. परळच्या शके ११०८ च्या लेखात तर ही शिवी शुद्ध मराठीत आहे. संस्कृत दानपत्राची भीती ज्याला वाटणार नाही त्याला मराठी शिवीची वाटावी, अशी ही योजना! मराठीच्या अगदी जुन्या लिखित वाक्यांत या शिवीची गणना करावी लागते, हे काहींना रुचणार नाही. पण ते खरे आहे.

असे दगड आपल्या ठाणे जिल्ह्यातील गावांतून अद्याप आहेत. देवळाच्या पाराला टेकून, विहिरीच्या काठी, शेताच्या बांधावर, कोठे शेंदूर फासलेले, कोठे धुणे आपटण्यास घेतलेले. रस्ता रुंद करताना, गोदामाचा पाया घालताना ते भरावाखाली जातात, आणि एकदा गेले की पुन्हा १७८७ सारखा योग येईपर्यंत कोणास दिसत नाहीत. ज्यांना ही राजधानी पाहण्याची इच्छा झाली असेल त्यांना एक व्यवहाराची सूचना करतो. येत्या पौष-माघात निघा. गवत वाळलेले असते, शेवाळ सुकलेले असते, आणि सकाळी सात ते नऊ या वेळात ऊन तिरपे पडते. झिजलेले अक्षर दुपारच्या उन्हात दिसत नाही, ते या उन्हात दिसते. बरोबर पाण्याची बाटली, मऊ कुंचला आणि वही असावी. खडू, तेल किंवा राख अक्षरांवर चोळू नये, दगड हलवू नये. गावाचे नाव, जागा, दगडाची लांबी-रुंदी, त्यावर काय आहे ते लिहावे, छायाचित्र घ्यावे, आणि गावातील वडीलधाऱ्यांना तो दगड पूर्वी कोठे होता हे विचारावे. पूर्णे, काल्हेर, कशेळी, कोपर, अंजूर, राहनाळ या खाडीकाठच्या पट्ट्याची अशी एक यादी पुढील व्याख्यानमालेपर्यंत तयार करण्याचे आम्ही योजिले आहे. ज्यांच्या बांधावर असा दगड असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर कार्यवाहांकडे नाव द्यावे. पहिली फेरी लोनाडला, थंडी पडताच.